माळाचे वारस

माळावरची शेवटची लांडगीण मेली आणि तिच्या नावावरच्या आठशे एकरांची वारसनोंद करायला तलाठीबाई आल्या. राखणदार मायाप्पाने तिची तिन्ही पिल्लं टोपलीतून पुढे ठेवली.

"वारस ठरला नाही, तर सोमवारी कारखान्याचे बुलडोझर येतील," असं बजावून बाईंनी पिल्लांची लाळ यंत्रात घातली.

"ठरणार की! नाक बघा, हुबेहूब आईचं."

यंत्राने दोनदा तोच निकाल दिला.

"आई लांडगीण, बाप कुत्रा," बाई म्हणाल्या. "संकराला वारसा नाही, मायाप्पा. पण इथे आसपास वस्तीच नाही. कुत्रा आला कुठून?"

राखणदाराने कुत्रा पाळायचा नाही, या नियमाखाली मायाप्पाची सही होती. पण दोन वर्षं एकट्याने काढल्यावर, निदान बोलायला कुणीतरी हवं म्हणून त्याने बाजारातून टिप्याला आणलं होतं.

झोपडीमागे बांधलेला टिप्या दोरी तोडून धावत आला आणि पिल्लांना चाटू लागला.

"तुमचा?"

"माझाच."

बाई कागदावर 'वारस नाही' लिहून निघून गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मायाप्पाच्या झोपडीत पाच जीव होते, आणि बाहेर सोमवारपर्यंतचा माळ होता.