यंत्राचं नाक

होटगीजवळच्या सबस्टेशनात ब्रेकर जळला होता. त्याच्या टाकीतला गॅस एरवी निरुपद्रवी, पण आत मोठी ठिणगी उडाली की त्याचंच विष होतं. म्हणून टाकी उघडल्यावर इंजिनिअर वैजयंती मॅडम आधी गॅस तपासायचं यंत्र आत सोडायला लावायच्या, मगच टेक्निशियन जोतीरामला आत डोकं घालू द्यायच्या. यंत्राच्या पट्ट्याला खंडेनवमीचं झेंडूचं फूल सुकून अजून लटकत होतं.

"शून्य दावतंय, मॅडम."

"नक्की? वास वगैरे?"

"मास्कमधनं काय कळतंय? पण आपल्यापेक्षा याचं नाक लई तिखट हाय की."

मॅडमनी मान हलवली. जोतीरामनं यंत्र त्यांच्या हातात दिलं, मास्क काढून ठेवला आणि कमरेपर्यंत आत वाकून टाकीत जळून साचलेली पांढरी भुकटी पुसायला लागला. जरा वेळानं आतून खोकला ऐकू आला.

"काय न्हाय, धूळ हाय," तो म्हणाला.

यंत्र डबीत ठेवता ठेवता मॅडमनी ते सहज उलटं केलं.



हवा आत ओढणाऱ्या त्याच्या इवल्याशा भोकावर, जोतीरामनंच पूजेला भक्तिभावानं लावलेलं हळदीकुंकू वाळून घट्ट बसलं होतं.