हलकं काम

दिवस गेलेल्या बाईला जड उचलायला लावायचं नाही, असा कायदा आहे. कपडे शिवायच्या त्या कारखान्यात तो काचेच्या चौकटीत लावलेलाही होता. फक्त भिंत साहेबांच्या केबिनमधली होती.

सकाळी मुकादमाने तिला गोदामातून कापडाचे तागे आणायला पिटाळलं, तशी ती मशीन सोडून थेट कामगार अधिकारी मॅडमच्या खोलीत शिरली.

“मॅडम, मला दिवस गेलेत. मागच्या खेपेला नोकरीच्या भीतीने तोंड शिवून तागे उचलले आणि पोटातलं घालवून बसले. आता नाही हो उचलवणार.”

“आधी दार लाव. आणि रडू नकोस. हलकं काम मागणं हा तुझा हक्क आहे. पगारी रजा मिळते. या कारणावरून तुला काढताही येत नाही.”

“या कारणावरून कोण काढतंय? साहेबांकडे कारणांना काय तोटा! मागच्या दोघींची शिलाई पोट दिसायला लागल्यावरच वाकडी व्हायला लागली ना?”

त्या दोघींना काढल्याचे कागद मॅडमच्याच हातून गेले होते.

“तुम्ही सोबत चला. कायदा तुमच्या तोंडून ऐकला, की साहेब नाही म्हणायचे नाहीत. उठा ना, ताई!” मॅडमची एका दमात ताई करून तिने त्यांचा हातच धरला.

मॅडमने दुसऱ्या हाताने टेबलाची कड घट्ट पकडली.



“उठले तर माझंही दिसेल गं.”