टाकीतला अरोवाना

प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक रूपराव वर्ध्यात एकटेच राहतात. मुलगा रजत ऑस्ट्रेलियाहून दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो आणि त्याने हौसेनं आणलेला सोनेरी अरोवाना मासा आधी बघतो.

तो मासा मेला. रूपरावांनी पवनारहून, धाम नदीतला राखाडी, चपटा चालट मासा आणून टाकीत सोडला. रजत विचारेलच, मग निवांत सांगू, की दोघंही हाडाळ जिभेच्या माशांच्या एकाच गणातले. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन दुभंगली आणि भाऊबंद समुद्रापार गेले. आठवडाभर त्यांनी तासाची तयारी केली.

रविवारी त्यांनी फोन टाकीसमोर धरला.


"अरोवाना मजेत दिसून राह्यला, बाबा. म्हणजे तुम्हीबी मजेतच असान. ठेवतो मंग."