भरलेला पेन ड्राइव्ह

दिवाळी उलटली तरी उर्मिलाबाईंच्या पत्राला ईश्वररावांनी उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र खरंच बाईंचं होतं का, इथूनच शंका होती. आणि आज सकाळी बाईंचा भाचा नीरज दारात उभा राहून वेगळंच काही सांगत होता.

“काका, मावशी म्हणतेय, पेन ड्राइव्हमध्ये प्रकरणं दिसतात दोन-तीन आणि जागा अजिबात शिल्लक नाही. तुमचा मॅक कॉम्प्युटर काय खायला घालतोय त्याला?”

“मी वाचलेलं तेवढंच ठेवतो,” ईश्वरराव म्हणाले.

“मग आत काहीतरी लपलेलं असणार. दुकानातून आल्यावर बघतो. लपलेल्या फाइली उघडता येतात आपल्याला.”

हे सांगताना तो हसला. ते हसणं ईश्वररावांना आवडलं नाही.

उर्मिलाबाई आणि ते मिळून अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करायचे. पूनम सागर सोसायटीतल्या आपल्या खोलीत पंखा बंद करून ईश्वरराव एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर प्रकरण वाचायचे. मग तो लाल पेन ड्राइव्ह नीरजच्या खिशातून शांतीनगरला जायचा. बाई ते ऐकायच्या आणि चुकांची चिठ्ठी पाठवायच्या, तिरक्या अक्षरात, निळ्या शाईने.

पण गणपती गेल्यावर एकदा पेन ड्राइव्हमध्ये चक्क टाइप केलेलं पत्र आलं.

‘तुमचा आवाज रोज ऐकते, पण तो दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलंच वाचत असतो. आता तुमचं स्वतःचं काही ऐकावंसं वाटतं. उरलेले दिवस एकत्र काढायचे का? नाही म्हणालात तरी राग नाही. दिवाळीनंतर मी इथलं आवरून बहिणीकडे रत्नागिरीला जातेय, कायमची. त्याआधी सांगा.’

शाईचं पेन कधी हातातून न सोडणारी बाई असं पत्र टाइप करेल? नीरज कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. टाइप करणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. मागे एकदा ईश्वररावांच्या आवाजाची हुबेहूब नक्कलही त्याने करून दाखवली होती. आणि मुख्य म्हणजे, आपल्याला असं पत्र कोण लिहील?

तरी उत्तर बोलून पाहण्याचा मोह त्यांना आवरला नव्हता. मॅक त्यांच्या मुलीने, संजनाने घेऊन दिलेला. पुण्याहून ती अधूनमधून त्यात डोकावून दुरुस्त्या करायची. तिच्या कानावर पडायला नको, म्हणून उत्तर ते थेट पेन ड्राइव्हवरच ध्वनिमुद्रित करायचे. मग ऐकायचे आणि स्वतःच्याच आवाजाची लाज वाटून ती फाइल मॅकच्या पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. डबा रिकामा करायला गेलं, की मॅक विचारायचा, कायमचं पुसायचं का, परत मिळणार नाही. ईश्वरराव दर वेळी ‘रद्द’ दाबायचे. जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. तिथे खोडलेला मजकूरसुद्धा पुस्तक बाहेर येईपर्यंत कुणी फेकत नसे.

नीरज गेल्यावर त्यांनी संजनाला फोन लावून पेन ड्राइव्ह भरल्याचं सांगितलं.

“बाबा, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कुठून उतरवलंत?”

“बनवणाऱ्यांच्याच साइटवरून. तूच बजावलं होतंस.”

“व्हायरस तपासलात?”

“दोनदा. काही सापडत नाही.”

“मग गडबड पलीकडे असेल. दुसऱ्याच्या मशीनमध्ये जाऊन आलेल्या पेन ड्राइव्हवर विश्वास ठेवायचा नाही.”

“पेन ड्राइव्हवर, की माणसावर?”

“दोघांवर नको. तुम्हाला मॅक घेऊन दिला, तर तुम्ही संशयाचा कारखानाच काढलात. जेवलात का?”

पलीकडे म्हणजे नीरज. पत्र त्याने घुसवलं, तसंच आणखीही काही घुसवत असणार. आणि आता स्वतःच शोधल्याचा आव आणून मावशीसमोर आपलं हसं करणार. मग वाचनही संपलं, चिठ्ठ्याही संपल्या.

संध्याकाळी ईश्वरराव शांतीनगरला गेले. न बोलावता कुणाकडे जायची त्यांची पहिलीच वेळ.

“किधर, अंकल?” वॉचमनने विचारलं.

“दूसरा माला. उर्मिलाबाई.”

“अच्छा, मॅडम. उनका सामान लेने संडे को टेम्पो आनेवाला था. अभी उनका भांजा बोलके गया, कॅन्सल.”

ईश्वरराव जिना चढू लागले. टेम्पो नीरजने रद्द केला. म्हणजे रत्नागिरीला जाणंही बनावच होतं. अख्खं पत्रच बनाव. चढताना ते एकच वाक्य मनात घोळवत राहिले: माझी थट्टा कर बाबा, पण बाईंचं नाव त्यात ओढू नकोस.

दार उघडंच होतं. पुस्तकांच्या खोक्यांमध्ये फतकल मारून नीरज सुतळ्यांच्या गाठी सोडवत होता. ईश्वररावांना पाहून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

“नीरज, मला तुझ्याशी...”

“हळू, काका. मावशी ऐकतेय.”

“काय ऐकतेय?”

“लपलेलं होतं ते. डझनभर निघाल्या फाइली. मॅकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं, डबा रिकामा करेपर्यंत पेन ड्राइव्हवरच लपून राहतं, काका. सकाळी ते पत्र तिने टाइप केलं की मी, हेच विचारायचं होतं ना तुम्हाला? चेहऱ्यावर लिहिलं होतं. मजकूर तिने सांगितला, टाइप मी केलं. उजव्या हाताची बोटं थरथरतात तिची हल्ली; चिठ्ठीपुरतं जमतं, पत्र नाही. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं.”

आतल्या खोलीत उर्मिलाबाई दाराकडे पाठ करून उभ्या होत्या. बॅगेतल्या साड्या एकेक करून परत कपाटात ठेवत होत्या. टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून कुणीतरी खाकरलं. मग थांबलं. मग पंखा बंद केलेल्या खोलीतल्या शांततेत एक घाबरट आवाज म्हणाला,

“उर्मिलाबाई... नाही, उर्मिलाच म्हणतो. मला भीती वाटते. पण हो.”