रेडिओवरचा पाठ

बाळकुमच्या शाळेत दुसरीच्या मुलांसाठी रेडिओवर वाचनाचा पाठ लागायचा. त्यातली ताई पुस्तकातली एक ओळ वाचायला सांगायची आणि जरा थांबून म्हणायची, "शाब्बास, अगदी बरोबर. आता पुढची ओळ."

धाकूचा तोवर पहिला शब्दही धड वाचून झालेला नसे.

शीलाबाई रोज वैतागायच्या. एक दिवस त्यांनी पाठ चालू असतानाच रेडिओ खटकन बंद केला. "ती काय तुझ्यासाठी थांबणार आहे, धाकू? तुला येतंय की नाही, तिला दिसतंय तरी का? चल, माझ्यासमोर वाच."

धाकू पुस्तक धरून उभा राहिला, पण बघत होता रेडिओकडे. मग हळूच म्हणाला, "बाई, चालू करा ना. ती तरी मना शाब्बास बोलते."