आठवं पिंप

सूर्य मावळायच्या आत गल्ली जाळायची होती. शत्रू नदीपलीकडे दिसला होता आणि किल्ल्याचा नियम सव्वाशे वर्षांचा होता: तटाला लागून असलेली आठ घरं लाकडाचीच बांधायची आणि वेळ आली की पेटवून द्यायची. शत्रूला तटाखाली आडोसा मिळता कामा नये. त्यासाठी कोठारात तेलाची आठ पिंपं कायम भरलेली असत. घराला एक पिंप, त्यावर घराचा आकडा, तोंडावर लाखेची मोहर. दर वर्षी वरून कोणीतरी साहेब येई, मोहरा बघे, सही ठोके आणि जेवून जाई.

पिंपं गडगडत खाली आणताना कोठीवाला पाच नंबरचं पिंप मागे मागे ठेवत होता. तो याच गल्लीचा जावई. त्यात नवल काही नव्हतं. कोठाराचा मागचा दरवाजा गल्लीतच उघडायचा, त्यामुळे आजवरचा प्रत्येक कोठीवाला गल्लीतल्या कुठल्या ना कुठल्या घरात अडकला होता. लग्नानंतर वर्षभरातच ह्या कोठीवाल्यानं पाच नंबरच्या पिंपाची मोहर फोडली, तेल काढलं, पाणी भरलं आणि नवी मोहर लावली. पाच नंबर म्हणजे सासूबाईंचं घर. मोहरेचा ठसा त्याच्याच ताब्यात, विचारणार कोण? चौदा वर्षं त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटत आलं होतं. आज सकाळी हे बायकोला सांगितलं, तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

"अहो, चार नंबर पेटलं की पाच नंबर काय गार राहणार आहे? भिंतीला भिंत आहे आपली."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता घर तर जाणारच होतं, वर पाणी सापडलं की गोळीही होती. तेलही गेलं, तूपही गेलं.

गल्लीतली माणसं गाठोडी घेऊन उतारावर उभी होती. कोणी रडत नव्हतं. आठ नंबरची शिंपीण तेवढी पुढे आली. तिचं गाठोडं सगळ्यांत लहान होतं. त्यातून तिनं किल्लेदाराचा कोट काढला.

"बाही झाली शिवून, साहेब. म्हटलं, आधी हा बाहेर काढावा."

वारा गार होता. किल्लेदारानं कोट अंगात घातला.

चार दिवसांच्या पावसानं लाकूड चिंब झालं होतं. तेलाशिवाय ते पेटणार नव्हतं. शिपायांनी एक नंबरचं पिंप फोडलं, दारावर ओतलं, मशाल लावली. मशाल चुरचुरली आणि विझली. एकानं बोट बुडवून चाखलं. पाणी.

कोठीवाला चक्रावला. एक नंबरला त्यानं कधी हात लावला नव्हता. दोन नंबर, पाणी. तीन, पाणी. चारमध्ये तर शेवाळ धरलं होतं. पाचव्याला त्यानं डोळे मिटून घेतले. सहा आणि सात, तेच.

"कोणाचं काम हे?" किल्लेदारानं विचारलं.

"पाच नंबर माझं, साहेब," कोठीवाला म्हणाला. "बाकीची... आधीच्या जावयांची असणार."

उतारावर त्याची सासू पदर तोंडाला लावून हसत होती. सव्वाशे वर्षांत सात जावई, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की शहाणे काय ते आपणच. कोठीवाल्याला एकदम हलकं वाटलं. आता गोळी लागली तरी चालेल, इतकं हलकं.

पण आठवं पिंप उरलं होतं. शिंपिणीच्या घरात चार पिढ्या मुलगेच. त्या घराला किल्ल्यातला जावई कधी मिळालाच नव्हता.

किल्लेदारानं स्वतः मोहर फोडली. वास उतारापर्यंत गेला. तेल होतं, आणि एवढं एक पिंप अख्ख्या गल्लीला पुरून उरलं असतं. शिपायानं दुसरी मशाल पेटवली. शिंपीण आपल्या दाराकडे बघत राहिली. शत्रू नदीवरूनच परत फिरला, पण ते कळायला अजून दोन दिवस होते. त्या घटकेला किल्लेदाराला फक्त नियम माहीत होता.

त्यानं कोटाची बाही डाग लागू नये म्हणून जपून वर सरकवली. पिंपात हात घातला. बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली आणि बराच वेळ विचार केला.

"हेही पाणीच," तो कोठीवाल्याला म्हणाला. "मोहर लावून आत ठेव. आणि आठव्या घराचा जावई कोण, असं कोणी विचारलं, तर माझं नाव सांग."