क्रांतीची नवी डिस्क

क्रांतीनं पुन्हा बटण दाबलं. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला आणि काळ्या पडद्यावर पुन्हा तीच पांढरी ओळ येऊन बसली. डिस्क सापडत नाही म्हणे. डिस्क तर तिनं सकाळीच स्वतःच्या हातानं स्क्रू पिळून बसवली होती.

आजच अकरा वाजता परीक्षा होती. पुण्याच्या एका कंपनीला यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग घरबसल्या करून देणारं माणूस हवं होतं, आणि परीक्षा कॉम्प्युटरवरच द्यायची होती. ते सॉफ्टवेअर मोबाइलवर चालत नाही. लग्नाआधी डिप्लोमा केलेली क्रांती अशा संधीची वर्षानुवर्षं वाट बघत होती. आणि नेमकी गेल्या आठवड्यात जुन्या डिस्कनं मान टाकली. म्हणून काल ती गडमुडशिंगीहून कोल्हापुरात जाऊन नवी घेऊन आली. दुकानदारानं तिच्यात सगळं भरून, चालू करून दाखवलं होतं.

ओसरीवर सासरे बसले होते. हंबीररावांचा आवाज असा, की ते कुजबुजले तरी शेजारी ओ देत.

"बायामाणसानं मशीन खोलू नये म्हटलं हुतं का न्हाय मी?"

नोकरीचा विषय निघाल्यापासून त्यांचं हेच चाललं होतं. खेड्यात राहून पुण्याची चाकरी कशाला, तो डबा नुसती वीज खातो, डोळ्यांचं वाटोळं होतं. क्रांती ऐकून घ्यायची आणि रात्री अभ्यासाला बसायची.

तिनं वायर बदलून पाहिली. सेटिंगमध्ये शिरून पाहिलं, तिथं डिस्कचं नावच नव्हतं. शेवटी दुकानदाराला, आदर्शला, फोन लावला.

"ताई, काल तुमच्यासमोर चालवून दाखवली की," आदर्श म्हणाला. "रात्रीत कुणी हात लावला काय तिला?"

क्रांतीनं फोन ठेवला आणि कपाटाकडे पाहिलं. रात्री तिनं डिस्क खोक्यात घालून कपाटावर ठेवली होती. सकाळी खोक्याचं झाकण उघडं होतं. घाईत तिनं ते मनावर घेतलं नव्हतं.

ती ओसरीवर आली. "आबा, माझ्या डिस्कला हात लावलता तुम्ही?"

"लावलता. मग?"

ना ओशाळणं, ना सारवासारव. क्रांतीच्या डोक्यात तिडीक गेली.

"माझी परीक्षा बुडावी एवढंच पायजे न्हवं तुम्हाला? बुडाली. बसा आता खुशाल!"

इतक्या वर्षांत ती सासऱ्यांशी अशी कधी बोलली नव्हती. हंबीररावांना गप्प बसलेलं त्या गल्लीनं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असेल.

आत येऊन तिनं डिस्क खोलून बाहेर काढली, दुकानात परत द्यायला म्हणून. खिडकीपाशी धरली तेव्हा वायर बसते त्या खाचेत काहीतरी लाल दिसलं. आता पुरावाच मिळाला, असं वाटून तिनं केसातली पिन काढली आणि ते टोकरून तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा होता. कुंकवानं माखलेला. त्याच्यामुळेच वायर पुरती आत बसत नव्हती. तिनं डिस्क उलटी केली, तर पाठीवर हळदीचं एक जाडजूड बोट उमटलं होतं. सकाळच्या गडबडीत तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

क्रांतीला भयंकर लाज वाटली. रडूही आलं, पण रडायला वेळ नव्हता. तिनं खाच फुंकून साफ केली, डिस्क बसवली, वायर लावली. या वेळी ती खट्कन बसली. बटण दाबलं आणि पडदा उजळला.

"आबा," तिनं आतूनच हाक मारली. "डिस्कवर अक्षता कुणी टाकतं व्हय?"

बाहेरून उत्तर आलं ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"घरात येणाऱ्यावर टाकत्यातच की. तुझ्यावर न्हवत्या टाकल्या व्हय?"